आडाखालचं स्टेशन

मागच्या रविवारी फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, तुमचं स्टेशन जमिनीच्या खाली आहे, तर वरची घरं पडत कशी नाहीत?" मी म्हटलं, इंजिनिअर हुशार असतात म्हणून. उत्तर खरं होतं, पण अर्धं. फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. मी बावीस वर्षं एका कार्यालयाचा रेकॉर्ड सेक्शन सांभाळला, तिथे अर्ध्या उत्तराचा कागद मी कधी पुढे जाऊ दिला नाही. तेव्हा उरलेलं अर्धं आज लिहून काढते. मराठीत लिहिते आहे, बाबाकडून वाचून घ्या. यातला बराच भाग त्यालाही ठाऊक नाही.

ते अर्धं असं की, स्टेशनकडे जाणारा बोगदा आमच्या इमारतीखालून जाणार होता, तेव्हा मी एका सरकारी कागदावर चुकीचा शब्द लिहिला होता. आणि तुमचे आजोबा त्या शब्दाच्या बरोबर वर झोपत होते.

आमची कसबा पेठेतली इमारत तुम्ही पाहिली आहे. खाली पार्किंग, वर चार मजले, पहिल्या मजल्यावर आम्ही. तिच्या जागी पूर्वी आमचंच जुनं घर होतं आणि त्याच्या मागच्या अंगणात आड होता. आड म्हणजे घरातली अरुंद, खोल विहीर. आतून दगडाने बांधलेली, उतरायला दगडांत पायापुरत्या खोबण्या. आजोबा शाळेत होते तेव्हा पानशेत आणि खडकवासल्याची धरणं फुटली, नदीकाठच्या पेठा बुडाल्या आणि पूर ओसरल्यावर शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हा या आडाने सगळ्या आळीला पाणी पाजलं. आजोबा आणि त्यांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहाटेपासून पोहरे ओढत. आजोबांच्या तळहातावर दोराचा एक वळ अजून आहे असं ते सांगतात. मला तो दिसत नाही, पण मी तसं म्हणत नाही.

नव्वदीच्या दशकात पुण्यात जुनी घरं पाडून इमारती उभ्या करण्याची लाट आली. शहराच्या हातात पैसा येऊ लागला होता, परदेशी टूथपेस्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागली होती आणि लोकांना स्वतःचा संडास घरात हवा होता. मलाही हवा होता. घर पाडलं. बिल्डरने आडावर काँक्रीटची जाड स्लॅब टाकली आणि वर पार्किंगची फरशी केली. सासूबाईंनी एकच अट घातली होती, आडाला श्वास घ्यायला पाइप सोडायचा. विहीर बुजवताना किंवा झाकताना पाइप सोडायची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्याप्रमाणे पार्किंगच्या मधोमध हातभर उंचीचा एक लोखंडी पाइप उभा राहिला. सासूबाई दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालत. नव्या नकाशात मात्र ना आड होता, ना पाइप. झाकलेली वस्तू कशाला काढायची, असं नकाशा काढणाऱ्याला वाटलं असणार.

पुढे तुमचा बाबा सॉफ्टवेअरमध्ये लागला. आमच्या आळीतला पहिलाच. रोज सकाळी हिंजवडीची बस पकडायला धावायचा. पहिल्या दीड-दोन वर्षांतच त्याने गाडी घेतली, छोटी, लाल. आळीतली माणसं येऊन तिचं दार उघडून-लावून बघत. आणि गाडी पार्किंगमध्ये शिरेना, कारण मध्ये पाइप.

मी तेव्हा आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले होते. वेल्डिंगवाल्याला बोलावलं, पाइप फरशीच्या लेव्हलला कापून घेतला आणि वर सिमेंट लावून घेतलं. सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या. वरूनच म्हणाल्या, "अगं, त्याला श्वासाला जागा ठेव."

मी कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत शिकले आहे. विज्ञान मला नन्सनी शिकवलं होतं. मी म्हटलं, "आई, विहिरीला फुप्फुसं नसतात."

"नसतील," त्या म्हणाल्या. "मला आहेत ना. माझा जीव कोंडतो."

मी ऐकलं नाही. बाबा त्या वेळी ऑफिसात होता. संध्याकाळी गाडी सुरळीत आत आली, याचाच त्याला आनंद. पुढच्याच वर्षी सासूबाई गेल्या. नंतर बाबाही गेला, म्हणजे परदेशी. गाडी विकली. पार्किंगमध्ये तिच्या तेलाचा एक काळा डाग राहिला आणि त्याच्या शेजारी सिमेंटचं एक गोल ठिगळ.

आता मेट्रोकडे येते.

पुण्यात मेट्रो येणार हे आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो की त्याचं आम्हाला काही वाटेनासं झालं होतं. तुमचे आजोबा म्हणत, "पुण्यात मेट्रो आणि माझ्या डोक्यावर केस, दोन्ही येणार म्हणून ऐकून आहे." आधी वाद झाला खांबांवरून न्यावी की जमिनीखालून. पेठांमध्ये खांब रोवायला जागा कुठली? इथे समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून माणसं एकमेकांना लोणचं देतात. मग ठरलं, पेठांतली स्टेशनं जमिनीखाली. आणि त्यातलं एक आमच्या आळीच्या टोकाला.

मग खरोखरच पत्रे लागले. जुनी बांधकामं उतरवली, माणसं दुसरीकडे गेली आणि पत्र्यांच्या मागे खोदकाम सुरू झालं. एका पत्र्याला कोणीतरी भोक पाडलं होतं. सकाळी भाजीला जाताना मी त्या भोकाशी थांबू लागले. माझ्याआधी तिथे दोन-तीन माणसं रांगेत असतच. कोणी फार वेळ डोळा लावून राहिलं तर मागून आवाज यायचा, "अहो, खड्डा बघताय की सिनेमा? आम्हालाही तिकीट आहे."

त्या भोकातून मी जे पाहिलं ते तुम्हाला कसं सांगू? वर काळी माती, त्यात विटांचे तुकडे, खापऱ्या, कुणाच्या तरी चुलीची राख. कितीतरी पिढ्यांचं खरकटं म्हणा ना. त्याखाली पिवळा मुरूम. त्याखाली काळा कातळ, ओला, चकचकणारा. दर आठवड्याला तो खड्डा आणखी खाली गेलेला असे. तळाची माणसं मुंगीएवढी दिसू लागली आणि वरचं ऊन खड्ड्याच्या तळाशी फक्त भर दुपारी पोचू लागलं. मी त्या रस्त्यावरून चाळीस वर्षं कोथिंबीर आणायला गेले होते. पायाखाली एवढं सगळं आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

बोगदा पाडणारं यंत्र नदीपलीकडून निघालं होतं. मुठा नदीच्या खालून, पेठांच्या खालून ते स्टेशनच्या खड्ड्यात येऊन निघणार होतं. नदीच्या खालून! पूल बांधणं मी समजू शकते, पण पुलाच्या उलट काहीतरी बांधणं माझ्या कल्पनेत बसत नव्हतं.

यंत्राच्या वाटेवरच्या इमारती तपासायला एक मुलगी आली. हेल्मेट, जाड बूट, पाठीला सॅक. यवतमाळकडची. तिने आमच्या भिंतींवरच्या एकेका भेगेचा फोटो काढला, भिंतीत छोटे आरसे बसवले, इमारत केसभर जरी हलली तरी कळावं म्हणून. पार्किंगमध्ये तर ती बराच वेळ वाकून वाकून काही शोधत होती. मग तिने मला एक कागद दिला. त्यात एक प्रश्न होता: इमारतीत किंवा आवारात विहीर, आड, बोअरवेल किंवा तळघर आहे काय?

मी फाइल काढली. नकाशा पाहिला. लिहिलं, "नाही." सही केली, सोसायटीचा शिक्का मारला.

मला आड आठवत नव्हता असं मी म्हणणार नाही. आठवत होता, पण सोडून आलेलं गाव आठवतं तसा. होता म्हणून, आहे म्हणून नव्हे. आणि जे नकाशात नाही ते नाही, या हिशेबाने मी सगळं आयुष्य काढलं होतं.

दोन दिवसांनी मेट्रोच्या लोकांनी एका शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली. एक वयस्क इंजिनिअर समजावून सांगत होते. म्हणाले, "विहिरी लपवू नका. बुजवलेली असेल तर सांगा. नुसती झाकलेली असेल तर आधी सांगा." बुजवलेली आणि झाकलेली यात काय फरक असतो हे त्या हॉलमध्ये माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. स्लॅब टाकताना मी समोर उभी होते. आत मातीची एक पाटीसुद्धा पडली नव्हती.

मी हात वर केला का? नाही. शेजारी आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे भाऊजी बसले होते. ते कानात म्हणाले, "वहिनी, विहिरीचं नाव काढू नका हं. इमारत धोकादायक म्हणून पाटी लावतील आणि मग बसा भाड्याच्या खोलीत." पण भाऊजींवर कशाला ढकलू? कागदावर माझी सही होती आणि माझ्या सहीचा कागद आजवर कधी परत आला नव्हता.

तुमच्या आजोबांना तेव्हा अर्धांगाच्या झटक्यातून उठून वर्षही झालं नव्हतं. डावी बाजू जड. त्यांची कॉट पुढच्या खोलीत, खिडकीशी, पार्किंगच्या मधोमध येईल अशी. यंत्र खालून जाईल तेव्हा काही दिवस हॉटेलात राहायची सोय होती, पण त्यांनी साफ सांगितलं होतं, "पुरात एकदा हे घर सोडलं. पुन्हा सोडणार नाही. यंत्राला म्हणावं, तू तुझ्या वाटेने जा, मी झोपलोय." मी ते हसण्यावारी नेलं होतं. आता ते दुपारी झोपले की मी त्यांच्या कॉटकडे बघत बसे, मग कॉटखालच्या फरशीकडे. एकदा खाली पार्किंगमध्ये जाऊन त्या गोल ठिगळावर मी तांब्याभर पाणी ओतलं. ते हळूहळू मुरलं. सिमेंटच्या चांगल्या फरशीत पाणी असं मुरत नाही.

त्या कागदाला सहा दिवस झाले. सातव्या दिवशी सकाळी चहा घेता घेता ते म्हणाले, "आडाचं काय ठरवलं त्यांनी?"

त्यांनी गृहीतच धरलं होतं की मी लिहिलं असणार. माझ्यासारखी बाई लिहिणार नाही, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

मी कप खाली ठेवला. "अहो, मी आड लिहिलाच नाही. 'नाही' म्हणून लिहून दिलं."

त्यांनीही कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे सहा दिवस मी तुझ्या सहीवर झोपलोय."

"हो."

"बरं," ते म्हणाले. "छत्री घे. ऊन आहे."

एवढंच. चहा संपवायलाही ते मला थांबू देत नव्हते.

पत्र्यांच्या फाटकापाशी एक रखवालदार होता. "आज्जी, आत जायाला परवानगी न्हाय. मोठं सायेब जेवाया गेल्यात."

"मला मोठे साहेब नकोत. हेल्मेटवाली मुलगी हवी."

"हितं समदीच हेल्मेटवाली हायत."

"मग सगळ्यांना बोलवा. मी थांबते."

मी छत्री उघडून फाटकाच्या मधोमध उभी राहिले. माझ्यामागे एक डंपर येऊन थांबला आणि भोंगा वाजवू लागला, तेव्हा रखवालदाराने मुकाट्याने फोन लावला.

मुलगी धावत आली. मी फाइलमधली कागदाची प्रत तिच्यासमोर धरली. "यात चूक आहे. चूक माझी आहे. आमच्या पार्किंगखाली आड आहे."

तिने एकच विचारलं, "बुजवलेला की झाकलेला?"

"झाकलेला."

"अरे बाप्पा," ती म्हणाली. आणि लगेच, "पाइप कुठे आहे?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. "तुला पाइपचं कसं माहीत?"

"आमच्याकडे विहीर झाकली की पाइप सोडतातच जी. माझी आजी तर त्याला रोज नमस्कार करते. आणि या पेठेत काम सुरू केलं ना, तर मी आधी पाइपच पाहते. कागदावर विहीर नसते आजी, पण पाइप असतो. त्याच्यावर कोणी कुंडी ठेवते, कोणी घंटा बांधते, पण पाइप कोणी काढत नाही. तुमच्या पार्किंगमध्ये मी दोनदा पाहिलं. नव्हता."

"मी कापला," मी म्हटलं. "गाडीसाठी."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "चला, पाहून घेऊ."

दुपारी तिने चार माणसं आणली. ठिगळ फोडलं. खाली कापलेल्या पाइपचं तोंड निघालं, गंजलेलं, पण मोकळं. तिने टोकाला वजन बांधलेली मोजपट्टी आत सोडली. ती जात राहिली, जात राहिली. मग खालून आवाज आला, डुबुक. पाण्यात घागर पडल्यासारखा. वीस वर्षांहून जास्त काळ मी हा आवाज ऐकला नव्हता आणि तरी माझा हात आपोआप दोर धरायला पुढे झाला.

"पाणी आहे. बरंच खाली आहे," ती म्हणाली. मग पार्किंगच्या छताकडे बघून तिने विचारलं, "याच्या वर कोण राहतं?"

"आम्हीच. ह्यांची कॉट आहे."

तिने मला जमिनीवर बोटाने काढून दाखवलं. यंत्र समोरची माती कापतं आणि ती ढासळू नये म्हणून सतत दाबूनही धरतं. त्या दाबाला वर कुठे पोकळी सापडली की तो तिकडून निसटतो. मग पोकळीभोवतीची माती खाली बसते आणि तिच्यावर जे असेल तेही बसतं. "जे असेल ते" म्हणताना ती पुन्हा वर बघणार होती, पण तिने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी स्लॅब कापली. भाऊजी जिन्यातूनच ओरडत आले, "वहिनी, तुम्हाला सांगितलं होतं! आता आणा इमारत खाली!" आणि मग सगळ्यांच्या आधी तेच वाकले. बॅटरी आत मारली आणि त्यांचा आवाजच बदलला. "अहो, या इकडे. बघा तरी."

मी बघितलं. दगडाचं गोल चिरेबंदी बांधकाम खाली खाली जात होतं, खोबण्या जागच्या जागी, आणि अगदी तळाशी पाणी. स्वच्छ. इतकी वर्षं एका थेंबाने न हललेलं. त्यात बॅटरीचा उजेड आणि कडेने आमची डोकी. आडाच्या तोंडातून जुन्या घराचा वास वर आला, ओल्या दगडाचा आणि शेवाळाचा. मी इमारतीत राहत होते, घरात टीव्ही होता, मुलगा परदेशात होता, नातवंडं फोनच्या पडद्यावर दिसत होती. आणि माझ्या पायाखाली हे तसंच जागं होतं.

दोन कामगारांनी तुमच्या आजोबांना खुर्चीसकट खाली आणलं. ते बराच वेळ आत बघत होते. मला वाटलं डोळे भरून येतील. ते म्हणाले, "तब्येत चांगली आहे. माझ्यापेक्षा."

ठरलं असं की वाळू-सिमेंटचं मिश्रण तळापासून भरत वर आणायचं, म्हणजे पोकळी राहणार नाही. त्याआधी मी घरून नारळ, हळद-कुंकू, खण आणला आणि आडाची ओटी भरली. माझा विश्वास होता का, हे विचारू नका. मला कोणाची तरी माफी मागायची होती आणि ती व्यक्ती गॅलरीत उरली नव्हती. इमारतीतल्या सगळ्या बायका आल्या. त्या मुलीने हेल्मेट काढून बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात जोडले.

आजोबांनी तिला विचारलं, "आणि पाइप?"

"सोडतो ना आजोबा. आडाच्या शेजारी नवीन घालतो. आम्हाला लागतोच, जमिनीतलं पाणी किती वर चढलं, किती उतरलं हे रोज मोजायला."

"रोज?"

"मशीन जवळ आली की तासातासाला."

आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "आई एवढ्या वेळा बघत नव्हती."

त्याच दिवशी त्यांनी हॉटेलात जायला होकार दिला. अट एकच, मी माझा कागद स्वतःच्या हाताने दुरुस्त करावा. "नाही" खोडून मी "आहे" लिहिलं, खाली पुन्हा सही केली. त्या मुलीने तो घेताना विचारलं, "नवीन फॉर्म देऊ का आजी, स्वच्छ?" मी म्हटलं, नको. खोडलेलाच राहू दे.

निघताना आजोबांनी कॉटच्या जागी जमिनीवर एक ताट ठेवायला लावलं. ताटात कोरडी रांगोळी सपाट पसरली आणि मधोमध काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवला. एक थेंब जरी सांडला तरी रांगोळीत दिसेल. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, त्याला मेट्रोच्या आरशांवर सगळा भरवसा टाकवेना.

हॉटेलातले दिवस मी खिडकीशी काढले. शहर नेहमीसारखं चाललं होतं. रिक्षा, दुधाचे टेम्पो, कॉलेजची मुलं. त्या सगळ्याच्या खाली एक घरापेक्षा मोठं चाक कातळ चघळत पुढे सरकत होतं आणि कोणाच्या कपातला चहासुद्धा हलत नव्हता. आजोबा दर थोड्या वेळाने विचारत, "आता कुठे असेल?" मी म्हणे, मला काय माहीत?

पाचव्या दिवशी मुलीचा फोन आला. "आजी, पार झालं. घरी या."

मी आधी एकटी आत गेले. पेल्यातलं पाणी हवेने अगदी थोडं उतरलं होतं. रांगोळी कोरडी. तिच्यावर एका मुंगीच्या पावलांची बारीक रेघ होती, बाकी काही नाही. मी ते ताट तसंच उचलून आजोबांच्या पुढ्यात नेलं. ते त्या मुंगीच्या रेघेकडे बघून म्हणाले, "हिला हॉटेलात नेलं नव्हतं वाटतं."

संध्याकाळी मुलगी आली. मी तिला विचारलं, पाइपात काय दिसलं? ती म्हणाली, "मशीन खाली होती तेव्हा पाणी हातभर वर आलं. मग परत खाली बसलं."

"आड मोकळा असता तर?"

"आजी," ती म्हणाली, "आता कशाला?"

तिने फोनवर एक चित्रफीत दाखवली. खड्ड्याची तळाची भिंत, तिच्यासमोर हेल्मेट घातलेली माणसं रांगेने उभी. भिंत थरथरते, धूळ उडते, भिंतीचा एक मोठा तुकडा सुटून पडतो आणि मागून ते चाक दिसतं, हळूहळू फिरणारं, चिखलाने माखलेलं. नदीच्या आणि आमच्या खालून आलेलं. माणसं ओरडतात, कोणी नारळ फोडतं. मी ती चित्रफीत तीनदा पाहिली. तिने चौथ्यांदा न विचारताच लावली.

मग बरीच वर्षं गेली. मुलगी दुसऱ्या शहरात दुसऱ्या बोगद्यावर गेली. खड्ड्यावर छत आलं, छतावर रस्ता आला आणि एक दिवस पत्रे निघाले. स्टेशन सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी आजोबांना चाकाच्या खुर्चीत घेऊन गेले. लिफ्टने खाली, मग आणखी खाली. दार उघडलं आणि समोर एवढी मोठी, थंड, उजळ जागा की मी खुर्ची ढकलायचीच विसरले. वर कुठेतरी आमची आळी, भाजीवाली, ग्रामदैवताची घंटा, भाऊजींची स्कूटर. त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. कॉलेजच्या दोन मुली मोबाइलमध्ये बघत गाडीची वाट पाहत होत्या, जणू पृथ्वीच्या पोटात उभं राहणं ही रोजचीच गोष्ट. त्यांच्यासाठी होतीच.

आजोबांनी फलाटाच्या टोकाला न्यायला सांगितलं, जिथे आमच्या घराच्या दिशेचा बोगदा सुरू होतो. त्या काळोखाकडे बघत ते म्हणाले, "आडाचा तळ आपल्या डोक्यावर आला."

"हो."

"म्हणजे मी पोहरा सोडायचो, त्याच्याही खाली."

तेवढ्यात बोगद्यातून वारा आला. गाडी दिसायच्या आधी वारा येतो. ओल्या दगडाचा वास होता त्याला, किंवा मला वाटला. गाडी आली, मुली चढल्या, गाडी गेली. आम्ही चढलो नाही. आजोबांनी मान वर करून छताकडे पाहिलं. "एवढं मोठं झाकलं. याला पाइप सोडलाय का?"

मला माहीत होतं. वर आळीच्या कोपऱ्यावर जाळी लावलेला एक मोठा चौकोनी मनोरा आहे, खालची हवा वर येण्यासाठी बांधलेला. भाजीला जाताना मी त्याच्या शेजारून जाते. मी म्हटलं, "सोडलाय. खोलीएवढा आहे. जाताना दाखवते."

"मग ठीक," ते म्हणाले. "चल वर."

धाकटे, तुझ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हे. तुम्ही याल तेव्हा पार्किंगमधला पाइप दाखवीन. त्याला निळं झाकण आहे. मोजायला आता कोणी येत नाही. दसऱ्याला मी त्याला माळ घालते आणि गाडी कोणी आणली तर रस्त्यावर लावायला सांगते. बाबाला हे वाचून झालं की म्हणावं, लाल गाडीची चूक त्याची नव्हती. खोडलेल्या कागदाची प्रत माझ्याकडे फाइलीत आहे, वरून तिसरी.